हौसाक्काच्या हाताला वास येत नव्हता

अन्याय झाला तो हौसाक्कावर. गेल्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, विश्रामबागेतल्या एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, चपला काढायच्या जागी. आतसुद्धा बोलावलं नाही. तुझ्या हाताला वास येतो, तूच हुंगून बघ, तो आमच्या वॉशिंग मशीनला लागलाय, मशीनचा कपड्यांना लागलाय, उद्यापासून येऊ नकोस, असं दारातच सांगून टाकलं. सहा वर्षं ती त्या घरात धुणंभांडी करत होती.

दिवस आणि वेळ मी मुद्दाम लिहितेय. 'असं कधी झालं बाई, आम्हाला तर आठवत नाही' म्हणायची सोय कुणाला ठेवायची नाही.

सांगली-कुपवाडच्या घरकामगार बायकांच्या संघटनेची पत्रकं मी लिहिते. पत्रकात मागण्या मावतात, माणूस मावत नाही. हौसाक्का तर मुळीच मावली नसती. म्हणून तिच्याबद्दल हे वेगळं लिहितेय, आणि रागानं लिहितेय. राग ओसरल्यावर लिही, असं मला दोघातिघांनी सांगून पाहिलं. ओसरला की लिहायचं कशाला?

हौसाक्का म्हसवडची. माणदेशातली. नवरा कुपवाडच्या एका कारखान्यात लागला म्हणून ती सांगलीत आली, पण सांगलीच्या पाण्याबद्दल तिच्या मनात शेवटपर्यंत संशय राहिला. "हितं पानी साचून ऱ्हातंय," असं ती दुसऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढाव्यात तशी म्हणायची. "आमच्याकडं साचाय आदी असावं लागतंय." उंच, काटक, कपाळावर आडवं कुंकू, आणि नाक! कुठलीही वस्तू आधी नाकाशी जायची, मग हातात राहायची. दूध, भाजी, धुतलेली ओढणी, एसटीचं तिकीट. एकदा माझ्या शेजारून नुसती गेली आणि मागं वळून म्हणाली, "काल रातच्याला सुकट खाल्लीस. आनि त्योच कुर्ता आज घातलास." दोन्ही खरं होतं.

तिची दुसरी सवय भांड्यांची. भांडं धुतलं की ती ते नुसतं पालथं घालायची नाही, एका कडेला चमचा नाहीतर काडी सरकवून तिरकं ठेवायची. वाऱ्याला वाट हवी. आमच्या ऑफिसात, म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत, ती पहिल्यांदा आली तेव्हा बसायच्या आधी तिनं कोपऱ्यातली कळशी तिरकी केली आणि मग खिडकीकडं गेली. ती खिडकी रंगानं चिकटून बसली होती. आम्ही तिच्यावर वेळापत्रक लावून टाकलं होतं. हौसाक्कानं वेळापत्रक काढून माझ्या हातात दिलं, तळव्यानं दोन तडाखे हाणले आणि खिडकी उघडली. मग म्हणाली, "झाकलं की कुजलं. उघडं ठिवलं की वाळलं." हे वाक्य मी पुढं तिच्या तोंडून किमान शंभर वेळा ऐकलं. लोणच्याबद्दल, जखमेबद्दल, जावांच्या भांडणाबद्दल.

त्या दिवशी ती तक्रार घेऊन आली होती. मी अर्ज पुढं ओढला.

"कामावरून काढायचं कारण?"

"वास."

"कशाचा?"

"माज्या हाताचा." आणि तिनं दोन्ही हात टेबलावरून माझ्या तोंडापुढं धरले. "हुंग."

"आक्का, माझा तुमच्यावर विश्वास आहे."

"इस्वास ठेव बाजूला. लिवायच्या आदी हुंगून घे. उद्या कुनी इचारलं, तू हुतीस का तितं, तर काय सांगशील?"

मी हुंगले. साबण, थोडी कोथिंबीर. बस.

मग तिनं त्या घराची रीत सांगितली. मशीन पुढून दार उघडणारं, भारीतलं. हौसाक्कानं त्याला हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. कॉलर, बाह्या, साहेबांच्या पँटच्या खालच्या कडा ब्रशनं घासायच्या आणि कपड्यांची बादली मशीनपासून चार हातांवर ठेवायची. तिथून पुढं वहिनी, म्हणजे त्या घरच्या मालकीणबाई. कपडे त्याच आत टाकणार, त्याच बाहेर काढणार आणि काढल्या काढल्या मशीनचं दार खट्ट लावणार. त्यावर चेनवालं प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर खोटी फुलं. "धूळ बसते ना," म्हणून. विश्रामबागेतल्या निम्म्या घरांत मशीन असंच नववधूसारखं झाकलेलं असतं. उरलेल्या निम्म्यांत फुलं खरी असतात.

म्हणजे बघा. जिला सहा वर्षं मशीनला बोट लावू दिलं नाही, तिच्या हाताचा वास मशीनला लागला!

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण वहिनींनी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: 'हौसाबाईंना कोणी कामावर ठेवू नये. हायजिनचा प्रॉब्लेम आहे.' त्याच इमारतीत हौसाक्काची आणखी तीन घरं होती. बुधवारपर्यंत तिन्ही गेली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तर मेसेज उघडून तिच्या तोंडापुढं धरला, पुरावा म्हणून.

"हायजिन म्हंजी काय गं?" तिनं मला विचारलं.

"स्वच्छता."

"आनि त्याचा प्रॉब्लेम मला? सा वर्सं मी दुसरं काय करत हुते तितं?"

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. तो मेसेज मागं घ्यायचा आणि तिथंच, त्याच गटावर, त्याच बाईनं दोन ओळी लिहायच्या: हौसाक्काच्या हाताला वास नव्हता. काम परत मिळो न मिळो. "काम मिळंल कुटंबी," ती म्हणायची. "नाव एकच हाय."

मी त्वेषानं पत्रक लिहिलं. तिनं ते बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचलं.

"ह्यात शोषन तीनदा आलंय," ती म्हणाली. "वास एकदाबी न्हाई."

"आक्का, पत्रकात असं वासाचं लिहीत नाहीत."

"का? त्यास्नी बोलाय येतंय आनि तुला लिवाय येत न्हाई व्हय?"

बरं, मग मोर्चा काढू म्हटलं. घोषणा देऊ, इमारतीच्या फाटकात बसू.

"मोर्चा आला की ती दार लावून घील. दार लावलं की वास आत्ताच्या परीस वाढतोय." मग म्हणाली, "आदी मला एक मशीन दाव. सा वर्सं शेजारी बसून काडली, त्याचं तोंड बगितलं न्हाई अजून."

माझ्या घरमालकिणीकडं तसंच मशीन होतं. तसाच वास होता. ती बिचारी तो ड्रेनेजचा समजत होती. मशीनची पुस्तिकाही होती, प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर न काढलेली. मी वाचत गेले आणि हौसाक्का करत गेली. खरं तर ती माझ्या पुढंच होती. दार उघडल्यावर तिनं आत डोकं घातलं, दाराभोवतीच्या जाड रबराची घडी दोन बोटांनी ओढली आणि तळातून बोट फिरवून बाहेर काढलं. काळा बुळबुळीत थर, केस, एक कुजलेला बाळमोजा.

"हं," ती म्हणाली. "हितं पानी बसतंय."

पावडरचा खण ओढून काढला तर त्याच्या मागं काळी बुरशी. खाली पुढच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्यामागं फिल्टर. ते त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. खाली परात ठेवून तो सोडवला तेव्हा जे पाणी आलं त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण तुम्ही जेवत असाल. हौसाक्का मात्र परातीकडं बघून हसली. मी तिला त्याआधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. शिकाऱ्याला माग सापडावा तसं ते हसणं होतं.

"शुक्रवार कवाचा हाय?" तिनं विचारलं.

"परवा."

"श्रावनातला शुक्रवार. वैनीकडं हळदीकुकू आसतंय."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्णींना बोलावून कुंकू लावतात, दूध आणि फुटाणे देतात. आणि त्या दिवशी दारात आलेली सवाष्ण, बोलावलेली असो नसो, तशीच परत पाठवत नाहीत. पाठवली तर आपल्याच लेकराबाळांना बाधतं अशी समजूत. हौसाक्कानं बदल्यासाठी हत्यार निवडलं ते हे. माझी सगळी पत्रकं एका बाजूला आणि तिचं ते हिरवं, जरीच्या काठाचं लुगडं एका बाजूला.

मला तिनं जिन्यात उभं केलं. "तू तोंड उघडायचं न्हाई. तू बोललीस की त्याचं भाशन हुतंय." दार चपलांच्या ढिगामुळं उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं.

"अगं हौसा... तू?" वहिनी तबक घेऊन दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"आज शुक्रवार न्हवं, वैनी. सवाष्न हाय मी."

आत दहाबारा बायका. तळमजल्यावरच्या चौगुले काकू सगळ्यांत थोरल्या. जैनांच्यात हे व्रत नाही, पण दूध-फुटाण्यांना त्या दरवर्षी हजर. त्याच म्हणाल्या, "ये की गं आत, उंबऱ्यात काय उभी राहिलीस!"

वहिनींनी कुंकू लावलं. दुधाचा पेला दिला. हौसाक्कानं दूध प्यायलं, बोटं विसळली आणि हात पुढं केला. वहिनींनी नॅपकिन दिला, धुतलेला, घडीचा. हौसाक्कानं तो नाकाशी नेला आणि तसाच चौगुले काकूंकडं दिला.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "मघापासून मला वाटतंय, माझ्याच पदराला येतोय!"

"मला वाटलं माझ्या ब्लाउजला," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. मग लक्षात आलं, अर्धा तास प्रत्येक बाई आपलाच वास समजून अंग चोरून बसली होती.

"वैनी," हौसाक्का म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "मला काडून आज अकरा दिस झालं. ह्यो कुनाच्या हाताचा?"

"अगं, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत नीट..."

"मला काडलं त्या सोमवारी पाऊस न्हवता व्हय?"

कुणी हसलं नाही. काकूंनी फुटाणे चघळायचे थांबवले.

"मशीन दावा."

"हौसा, तू हात लावू नकोस हं!" वहिनींच्या तोंडून गेलंच. सहा वर्षांची सवय.

हौसाक्कानं दोन्ही हात पाठीमागं बांधले. "न्हाई लावत. तुमचा नेम हाय, मी कशाला मोडू? तुमीच लावा."

पुढची पंधरा मिनिटं मी मरेपर्यंत विसरणार नाही. वहिनी नाही म्हणू शकत नव्हत्या. सगळ्या बायका उठून मशीनभोवती गोळा झाल्या होत्या. खोटी फुलं उतरली. क्रोशाचा रुमाल उतरला. चेन उघडली. दार उघडताच दोघींनी पदर नाकाला लावले.

"रबराच्या घडीत बोट घाला. वरचीवर नगो. खाली, तळाला. अजून आत. आता फिरवा."

ज्या बोटानं वहिनींनी सकाळपासून सगळ्यांना कुंकू लावलं होतं, ते बोट काळं होऊन बाहेर आलं.

"वास घ्या."

"हौसा!"

"मला घ्याय लावला न्हवता का? दारात उबं करून?"

वहिनींनी बोट नाकाजवळ नेलं. तोंड फिरवलं.

"आता खालचं झाकन. परात घ्या. सैपाकाची नगो, धुन्याची." पैठणी गुडघ्याखाली दाबून वहिनी फरशीवर बसल्या. फिल्टर सुटला आणि पाणी आलं. त्या पाण्यात केसांचे बुचके, एक हूक, बटणं आणि तंबाखूच्या माव्याच्या प्लास्टिकचे गुंडाळलेले तुकडे. एक, दोन, पाच, सात. साहेबांनी मावा सोडला म्हणून वहिनींनी गेल्याच वर्षी सगळ्या इमारतीला पेढे वाटले होते. आतल्या खोलीतला टीव्ही एकदम मोठा झाला.

"ह्यो मातर माज्या हाताचा न्हाई," हौसाक्का म्हणाली. तेव्हा हसल्या बायका. चौगुले काकू तर भिंतीला धरून हसल्या.

मग तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कुठंही कडवटपणा न दाखवता. खण काढून दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासा. रबर पुसा. मशीन रिकामं ठेवून, आत लिंबूसत्व टाकून, सगळ्यात गरम पाण्यावर एकदा फिरवा. महिन्यातनं एकदा तसंच. त्यात ब्लीच मिसळू नका, डोळे जातील. पावडर टाकता त्याच्या निम्मी टाका. जास्त टाकली की स्वच्छ होत नाही, आत थर बसतो. कपडे झाले की लगेच काढा, रबर कोरडं करा, दार वीतभर उघडं ठेवा. "आनि ते झबलं फेका. मशीनला थंडी वाजत न्हाई."

शेवटी म्हणाली, "मशीन तुमी साफ करा. आता माजं नाव. फोन हितंच हाय तुमचा."

"हो, हो," वहिनी म्हणाल्या. "हात तरी धुऊ दे. संध्याकाळी नक्की लिहिते."

संध्याकाळी त्यांनी लिहिलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी मला ते दाखवलं. 'मैत्रिणींनो, वॉशिंग मशीनला वास येतो का? माझ्या अनुभवाचा सोपा उपाय!' आणि खाली खण, रबर, फिल्टर, लिंबूसत्व, वीतभर दार, सगळं हौसाक्काच्या क्रमानं. खाली जोडलेले हात, फुलं, अंगठे. 'किती छान सांगितलंत ताई!' हौसाक्काचं नाव कुठंही नाही. वरती, बोटानं थोडं मागं सरकवलं की, हायजिनचा प्रॉब्लेम जागच्या जागी.

उपाय तिचा, शाबासकी यांची, आणि वास फक्त तिच्या नावावर. मी हे ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या हे वाचणार आहेत, मला माहीत आहे. वाचा, वहिनी. नीट वाचा.

त्यांनी वॉचमनबरोबर निरोपही धाडला, 'झालं गेलं जाऊ दे, उद्यापासून ये.' हौसाक्कानं उलट निरोप दिला, 'आदी लिव्हा. मग येते.' लिहिलं गेलं नाही, ती गेली नाही.

आणि चौगुले काकू? त्यांनी तिला घरी बोलावलं, चहा पाजला, आमच्याकडं ये कामाला म्हणाल्या. हौसाक्कानं विचारलं, "काकू, तुमी डोळ्यांनी बगितलंसा. तुमी लिव्हता का त्या गटावर?"

काकूंनी कप बशीत फिरवला. "शेजार आहे गं," त्या म्हणाल्या. "रोजचं तोंड बघायचं असतं."

त्या दिवशी हौसाक्का खरी चिडलेली मी पाहिली. वहिनींवर ती एवढी चिडली नव्हती. "एकीनं घान केली," ती मला म्हणाली. "बाकीच्यांनी दार लावून घेतलं. वास दार लावनाऱ्यांमुळं टिकतोय."

दिवाळीच्या आधी तिनं सांगली सोडली. दीर म्हसवडात एकटा पडला होता, शेरडं सांभाळायला माणूस नव्हतं. नवरा कुपवाडात राहणार, सुट्टीला येणार. ती कारणं खरी होती. पण विश्रामबागेच्या चौकातून जाताना ती हल्ली पदराच्या आत हात घेऊन चालायची. तेही मी पाहिलं होतं.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. एसटीत चढून खिडकीपाशी बसली, आणि काच जाम. तिनं तळव्यानं दोन तडाखे हाणले.

"आवं मावशी, धूळ येती की," मागचा माणूस ओरडला.

"धूळ झाडता येती, भाऊ," ती म्हणाली आणि तिसऱ्या तडाख्याला काच सरकली.

"वास लिवलास का, माज्यावर लिवतीस त्यात?" तिनं खाली वाकून मला विचारलं.

"लिहिला, आक्का."

"माजं नाव?"

"पहिल्या ओळीत."

"आनि वाचनाऱ्यानं काय करायचं ते?"

ते मी लिहिलं नव्हतं. तिनं माझ्याकडं, कच्च्या धुतलेल्या कॉलरकडं बघावं तसं बघितलं. गाडी हलली. वळणापर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता, पंजा उघडा, वाऱ्यात.

तर आता तुम्ही, वाचणारे. उठा. मशीनचं कव्हर काढा, दार उघडा, रबराच्या घडीत तळाला बोट घाला आणि वास घ्या. आणि तुमच्या घरातून, तुमच्या इमारतीतून कुठल्या बाईला असल्या आरोपाखाली हाकललं असेल, तुम्ही स्वतः किंवा तुमच्या देखत, तर हात धुवायच्या आधी, तिच्या पूर्ण नावानिशी, त्याच गटावर दोन ओळी लिहा. संध्याकाळी नको. आत्ता.